रुंद टायरसाठी हलकी ट्यूब कशी निवडावी

रुंद टायरच्या सायकली आता आपल्याकडे सर्रास दिसतात. कोणाकडे २९ × २.२५ ची एमटीबी (माउंटन बाइक) असते, कोणाकडे ४० किंवा ४५ मिलिमीटर टायरची, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी ग्रॅव्हल बाइक. कोणी हायब्रिडलाच बसेल तेवढा जाड टायर चढवून डांबरी घाट आणि मुरमाच्या वाटा दोन्ही करतो. टायर घेताना लोक आठवडाभर चौकशी करतात, ट्यूब मात्र दुकानदार हातात ठेवेल ती घेतात. रुंद टायरमध्ये बसणारी साधी ट्यूब दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची असते, म्हणजे दोन चाकांत मिळून जवळजवळ अर्धा किलो रबर. हे वजन निम्म्यावर आणता येतं. पण ते कुठे कमी करायचं आणि कुठे मुळीच करायचं नाही, हे कळलं नाही तर पैसेही जातात आणि रविवारची राइडही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या बहुतेकांनी बाजारातली सर्वांत हलकी ट्यूब चाकात घालू नये. योग्य मापाची पातळ ब्युटाइल (नेहमीच्या काळ्या रबराची) ट्यूब चाकात आणि टीपीयूची (प्लास्टिक कुळातली) ट्यूब सीटखालच्या पिशवीत, ही जोडी बऱ्याच जणांना पुरते. ती कोणाला पुरणार नाही, तेही पुढे येईल.

टायरवरचे आकडे वाचा

टायरच्या बाजूच्या भिंतीवर दोन प्रकारचे आकडे असतात. २९ × २.२५ किंवा ७०० × ४० हे बोलायचे आकडे. त्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत ५७-६२२ किंवा ४०-६२२ असं लिहिलेलं असतं. खरेदी त्या बारीक आकड्यांवरून करा. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. २९ इंची एमटीबी आणि ७००सी या दोन्हींचा व्यास ६२२ च आहे. त्यामुळे ‘एमटीबीची ट्यूब’ आणि ‘हायब्रिडची ट्यूब’ या दुकानातल्या वाटण्यांना व्यासाच्या बाबतीत काही अर्थ नाही, फरक फक्त रुंदीचा. २७.५ इंची म्हणजे ६५०बी, व्यास ५८४. हल्लीची २६ इंची एमटीबी ५५९. आपली जुनी काळी सायकल, २८ × १ १/२ वाली, ६३५. मोठ्या काळ्या सायकलची ट्यूब २९ इंचीत घालून पाहू नका. रबर ताणतं, पण चुरगळणं त्याला सोसत नाही. आत घडी पडली की काही दिवसांत ती घडीच फाटते.

उलट दिशेने थोडी सवलत आहे. २७.५ ची ट्यूब २९ च्या चाकात घातली तर परिघात जेमतेम साडेसहा टक्के ताण येतो. अडचणीच्या वेळी ब्युटाइल ट्यूब एवढं सहज सोसते.

ट्यूबच्या खोक्यावर रुंदीचा पल्ला छापलेला असतो, उदाहरणार्थ १.९ ते २.३५. काही कंपन्या क्रमांक वापरतात. श्वाल्बेची १९ नंबरची ट्यूब २९ इंचीच्या ४० ते ६२ मिलिमीटर टायरसाठी, २१ नंबरची २७.५ साठी आणि १३ नंबरची २६ साठी. नंबरच्या आधीची अक्षरं व्हॉल्व्हची असतात, तीही बघून घ्या.

व्हॉल्व्ह आणि रिमचं भोक

आपल्याकडच्या बऱ्याच एमटीबींना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह येतो, म्हणजे श्रेडर. ग्रॅव्हल आणि महागड्या एमटीबींना बारीक प्रेस्टा. श्रेडरसाठी रिमला साधारण साडेआठ मिलिमीटरचं भोक असतं, प्रेस्टासाठी साडेसहा. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह नुसता घातला तर तो हलत राहतो आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी चिरते. भोकात बसवायची छोटी रबरी किंवा धातूची कडी मिळते, ती घाला. बारीक भोक ड्रिलने मोठं करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यात रिम कमजोर होते.

हलक्या ट्यूब बहुतेक प्रेस्टातच मिळतात आणि व्हॉल्व्ह हलका असल्याने तिथेही चार-पाच ग्रॅम वाचतात. साध्या अॅल्युमिनियम रिमला ४० मिलिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह पुरतो. खोल रिम असेल तर मोजून घ्या.

आता आहे ती ट्यूब मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. ट्यूब बाहेर काढा, पूर्ण हवा काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. मग ती जमिनीवर सपाट पसरून पट्टीने आडवी रुंदी मोजा. समजा ती ५० मिलिमीटर आली. दोन पदर आहेत म्हणून घेर १०० मिलिमीटर, त्याला ३.१४ ने भागलं की न ताणलेल्या ट्यूबचा व्यास साधारण ३२ मिलिमीटर. ही ट्यूब ५७ मिलिमीटरच्या टायरमध्ये गेली की ५७ भागिले ३२, म्हणजे सुमारे १.८ पट ताणली जाते. जितक्या पट ती ताणली जाते तितक्या पटीने तिची भिंत पातळ होते. मूळची ०.९ मिलिमीटरची भिंत टायरच्या आत अर्ध्या मिलिमीटरची उरते.

याच मापावरून वजनाचाही अंदाज येतो. घेर १० सेंटिमीटर, लांबी साधारण २०० सेंटिमीटर, जाडी ०.०९ सेंटिमीटर. गुणाकार १८० घनसेंटिमीटर. ब्युटाइलची घनता पाण्याहून थोडी जास्त, म्हणून वजन २०० ग्रॅमच्या थोडं वर, अधिक व्हॉल्व्ह. काट्यावर साधारण तेच दिसेल. हा हिशोब एकदा करून पाहिला की जाहिरातीतला दावा खरा असू शकतो का, हे दुकानात उभ्या उभ्या ताडता येतं. त्याच मापाची ट्यूब ०.६ मिलिमीटर जाडीची असेल तर ती १४५-१५० ग्रॅमच्या आसपास भरणार आणि ०.४५ ची असेल तर ११० च्या. खोक्यावर याच्याशी न जुळणारा आकडा असेल, तर एक तर ट्यूब अरुंद आहे किंवा आकडा खोटा आहे.

वजन कमी होऊन मिळतं काय

चाकाच्या कडेचं वजन कमी केलं तर दुप्पट फायदा, हे वाक्य सायकलवाल्यांत फार फिरतं. ते खरं आहे, पण फक्त वेग वाढवताना. कडेवरचा ग्रॅम पुढेही जातो आणि फिरतोही, म्हणून तेवढाच वेग गाठायला त्याला दुप्पट ऊर्जा लागते. घाटात संथ आणि एकसारख्या वेगाने चढताना मात्र तो ग्रॅम बाटलीतल्या पाण्याच्या ग्रॅमएवढाच जड असतो.

हिशोब करा. २३० ग्रॅमच्या दोन ट्यूब काढून ८५ ग्रॅमच्या दोन घातल्या, तर २९० ग्रॅम वाचले. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो असतील तर हे ०.३४ टक्के झालं. सिंहगडाचा घाट चढायला तुम्हाला एक तास लागत असेल, तर वेळ वाचेल साधारण बारा सेकंद. सकाळी शौचाला जाऊन निघालात तरी तेवढं वजन कमी होतं.

मग एवढा खटाटोप कशाला? कारण पातळ ट्यूबचा मोठा फायदा वजनात नाही, लवचीकपणात आहे. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग सतत दबतो आणि सुटतो. त्याच्याबरोबर ट्यूबही दबते आणि सुटते, आणि या दबण्या-सुटण्यात तुमची थोडी ताकद उष्णता होऊन जाते. भिंत जितकी पातळ, तितकी ही गळती कमी. रुंद टायर कमी हवेवर चालतो, म्हणून जास्त दबतो आणि म्हणूनच त्यात जाड ट्यूब जास्त जाणवते. खडबडीत रस्त्यावर पातळ ट्यूबचं चाक खड्ड्यांची बारीक थरथर गिळतं. मनगटांना हा फरक दोन-तीन तासांनी कळतो. मात्र तुमचा टायरच जाड तारेच्या कडेचा, कडक भिंतीचा आणि आठशे-नऊशे ग्रॅमचा असेल, तर पातळ ट्यूबने विशेष काही होणार नाही. पैसे आधी टायरवर घाला.

तीन प्रकारची ट्यूब

ब्युटाइल म्हणजे आपली नेहमीची काळी ट्यूब. ती हवा आठवडेच्या आठवडे धरते, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होते आणि ताण सोसते. जाडीप्रमाणे तिच्या पायऱ्या आहेत. मॅक्सिसचंच उदाहरण घेतलं तर वेल्टरवेट ०.८ मिलिमीटर, अल्ट्रालाइट ०.६ आणि फ्लायवेट ०.४५. इतर कंपन्या ‘लाइट’, ‘एक्स्ट्रा लाइट’ अशी नावं देतात, पण एकाची ‘लाइट’ दुसऱ्याच्या साध्या ट्यूबइतकी जड असू शकते. नाव सोडा, जाडी किंवा वजन विचारा. २९ × २.२५ साठी १५० ते १७५ ग्रॅमची ब्युटाइल ट्यूब मला सर्वांत समंजस वाटते. ०.४५ वाली शर्यतीपुरती ठीक. तिच्यावर ठिगळ लावताना भिंत इतकी पातळ असते की नुसतं घासतानाही भोक पडायची भीती.

लेटेक्स ही नैसर्गिक रबराची ट्यूब. चालायला सगळ्यात मऊ, पण तिच्यातून हवा सतत पाझरते आणि दर राइडच्या आधी पंप मारावा लागतो. अरुंद रोड टायरच्या मापात ती सहज मिळते. रुंद टायरसाठी शोधत बसण्यात अर्थ नाही, म्हणून ती इथेच सोडतो.

टीपीयू हे प्लास्टिक कुळातलं पारदर्शक किंवा रंगीत साहित्य. ऑस्ट्रियाच्या ट्यूबोलितोची नारिंगी ट्यूब अनेकांनी पाहिली असेल. तिची २९ इंची एमटीबी ट्यूब सुमारे ८५ ग्रॅमची आहे आणि त्याहून पातळ एस-ट्यूबो ४५ च्या आसपास. श्वाल्बेने बीएएसएफबरोबर तयार केलेली एरोथन २०२० साली आणली. आता राइडनाऊसारख्या चिनी कंपन्यांच्या स्वस्त टीपीयू ट्यूबही ऑनलाइन मिळतात. टीपीयू हवा चांगली धरते, घडी करून मुठीत मावते आणि चालायला ब्युटाइलपेक्षा हलकी लागते.

तिच्या अटी मात्र नीट समजून घ्या. टीपीयू ताणली की रबरासारखी पूर्ण मागे येत नाही. म्हणून ती टायरच्या मापाच्या जवळपासच बनवलेली असते आणि छापलेल्या पल्ल्याबाहेर वापरायची नसते. टायरबाहेर तिच्यात जोरात हवा भरली तर ती फुगून वेडीवाकडी होते आणि तशीच राहते. ५७ मिलिमीटरच्या टायरमध्ये वर्षभर राहिलेली ट्यूब नंतर ४० च्या टायरला घालू नका, आत सुरकुत्या पडतील. दुसरी अट उष्णतेची. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर रिम तापते. बऱ्याच पातळ टीपीयू ट्यूबच्या पाकिटावर ‘फक्त डिस्क ब्रेक’ असं लिहिलेलं असतं ते यासाठीच. आंबेनळी किंवा ताम्हिणीचा उतार सतत ब्रेक दाबत उतरणाऱ्याने ही ओळ वाचल्याशिवाय ट्यूब घेऊ नये. तिसरी अट दुरुस्तीची, ती पुढे.

अरुंद ट्यूब रुंद टायरमध्ये

हलकी ट्यूब मिळत नसेल किंवा महाग वाटत असेल, तर जुनी युक्ती अशी: एक पायरी अरुंद ब्युटाइल ट्यूब घ्या. ७०० × ४० च्या टायरसाठी ३५-४३ ची ट्यूब साधारण १५०-१७० ग्रॅम भरते, २८-३२ ची ११०-१३० ग्रॅम. ती ४० च्या टायरमध्ये ताणून बसते, भिंत पातळ होते, चाक हलकं होतं आणि खर्चात काही फरक पडत नाही. हीच ट्यूब गावातल्या दुकानातही मिळते.

किती अरुंद चालेल? वरची सपाट रुंदीची रीत वापरा. सपाट रुंदीवरून व्यास काढा आणि टायरची रुंदी त्याच्या दुपटीच्या आत ठेवा. सपाट मोजली तर ३५ मिलिमीटर भरणाऱ्या ट्यूबचा व्यास २२ च्या जरासा वर येतो, म्हणजे ४० च्या टायरला ती चालेल, ४५ ला जेमतेम, ५७ ला नाही. दुपटीपलीकडे गेलं की भिंत इतकी पातळ होते की बारीक कुसळही आरपार जातं. शिवाय व्हॉल्व्हभोवतीचा जाड रबराचा गोल भाग बाकीच्या ट्यूबइतका ताणत नाही, त्यामुळे त्या गोलाच्या काठावर सगळा ताण एकवटतो आणि ट्यूब तिथेच फाटते. तिथली फाट ठिगळाने सांधत नाही.

ही युक्ती फक्त ब्युटाइलची. टीपीयूवर ती करू नका.

तुम्ही कुठे चालवता

पंक्चर तीन तऱ्हेची असतात आणि पातळ ट्यूब त्या तिन्हींशी वेगवेगळी वागते.

पहिली काट्याची. देशावरच्या माळरानात, नगर-सोलापूर-बीडकडे बाभूळ आणि वेडी बाभूळ दोन्ही भरपूर. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळून पडतात. बाभळीचा काटा दोन-तीन इंची आणि सरळ, तो टायर, ट्यूब दोन्ही भेदून कधी रिमच्या पट्टीपर्यंत पोचतो. त्याला ०.९ ची भिंतही अडवत नाही, मग ०.६ चीच का नको? सराट्याचा काटा मात्र आखूड असतो. तो टायरच्या रबरात रुतून बसतो आणि टोक जेमतेम आत डोकावतं. तिथे जाड भिंत काही दिवस तग धरते आणि पातळ भिंत त्याच दिवशी भेदली जाते. सराट्यांच्या भागात राहत असाल तर साधी ट्यूब आणि तिच्यात सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव), किंवा सरळ ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय सीलंटवर चालणारा टायर. हलक्या ट्यूबचा मोह तिथे धरू नका.

दुसरी तारेची. महामार्गाच्या कडेला ट्रकचे टायर फुटतात, त्यांतल्या केसाएवढ्या बारीक तारा रस्त्यावर विखुरतात. अशी तार टायरमध्ये घुसून दिसेनाशी होते आणि नवीन ट्यूबही अर्ध्या तासात पंक्चर करते. ट्यूबच्या जाडीने इथे फारसा फरक पडत नाही. टायरच्या आत पंक्चररोधक पट्टा असणं महत्त्वाचं.

तिसरी चिमट्याची. हवा कमी असताना चाक दगडावर किंवा खड्ड्याच्या काठावर आपटतं, ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन छोटी भोकं पडतात. ट्यूबवर समोरासमोर अशी दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती. सह्याद्रीतल्या खडकाळ वाटांवर हीच जास्त होतात. आधीच ताणून पातळ झालेली ट्यूब इथे लवकर हरते.

यावरून निवड अशी होते. डांबरी रस्ता, घाट, कधीमधी मुरूम, ४० ते ४५ चा टायर: एक पायरी अरुंद ब्युटाइल किंवा लाइट ब्युटाइल. एमटीबी, खडकाळ वाट, कमी हवा: पूर्ण मापाची ०.६ ते ०.८ ची ब्युटाइल, अरुंद नको. माळरान, काटे: वर सांगितलं तेच. शर्यत किंवा वेळ मोजून केलेली चढाई, डिस्क ब्रेक, चांगला टायर: टीपीयू. दोन्ही चाकांत एकच ट्यूब असली पाहिजे असा नियम नाही. वजनाचा भार मागच्या चाकावर जास्त, पंक्चरही तिथेच जास्त होतात आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरमुळे ते चाक काढायचा व्यापही मोठा. मला पटलेली मांडणी म्हणजे पुढे टीपीयू, मागे लाइट ब्युटाइल.

ट्यूबलेस करून सगळी ट्यूबच काढावी का, हाही प्रश्न येतो. वजनासाठी करणार असाल तर मोजून करा. ५७ मिलिमीटरच्या टायरला ८० ते १०० मिलिलिटर सीलंट लागतं, म्हणजे जवळपास तेवढेच ग्रॅम, वर व्हॉल्व्ह आणि टेप. ८५ ग्रॅमच्या टीपीयूपेक्षा ते हलकं होत नाही. ट्यूबलेसचा खरा फायदा काटे आणि चिमटा या दोन्हींपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आहे. आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी तपासावं लागतं. तेवढी देखभाल करणार असाल तर एमटीबीला जरूर करा.

दुकानात

खोकं उघडून ट्यूब हातात घ्या. सांध्यावर बोट फिरवा, तो एकसारखा हवा. व्हॉल्व्हच्या बुडाशी रबर सुटलेलं नको. जमलं तर वजन करा. छापील आकड्यापेक्षा पाच-दहा टक्के इकडेतिकडे चालतं, तीस टक्के नाही. प्रेस्टाचा गाभा सुटा होतो का ते बघा, पुढे सीलंट घालायचं असेल तर तो सुटावाच लागतो. टीपीयूत सीलंट कंपनीने चालेल असं लिहिलं असेल तरच. वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेली ट्यूब घेऊ नका, घड्यांवर बारीक तडे गेलेले असतात.

बसवणं

हलक्या ट्यूबची बरीच पंक्चरं बसवतानाच होतात, म्हणून इथे घाई नको.

टायर पूर्ण काढा. आतून बोटांची टोकं सावकाश फिरवा, त्याआधी कापसाचा बोळा फिरवा. काटा किंवा तार असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. रिमची पट्टी सगळ्या स्पोकच्या भोकांवर सरळ बसलेली आहे का पाहा. भोकाची धार उघडी असेल तर पातळ ट्यूब तिथे आत फुगून कापली जाते. टीपीयूसाठी पट्टी जुनी आणि सैल असेल तर नवी लावाच.

ट्यूबला थोडी टाल्कम पावडर चोळा आणि जास्तीची झटका. ब्युटाइलमध्ये आकार येईल एवढीच हवा भरा. टीपीयूत त्याहूनही कमी, सुरकुत्या सुटतील इतकीच. टायरची एक कड रिमवर चढवा, व्हॉल्व्ह भोकात घाला, ट्यूब सगळीकडे टायरच्या पोटात सारा. मग दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून चढवायला सुरुवात करा आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंनी आणत व्हॉल्व्हपाशी संपवा. रिमच्या मधोमध खोल खाच असते. आधी चढलेली कड चिमटीने त्या खाचेत ढकलत गेलात तर शेवटची वीतभर कड अंगठ्यांनीच चढते. ट्यूबलेस-रेडी रिमवर हे करावंच लागतं, कारण तिथे कड अगदी घट्ट बसते. लिव्हर (टायरची कड उचलायची पट्टी) वापरलीच तर प्लास्टिकची आणि टोक उथळ ठेवून. पातळ ट्यूब लिव्हरच्या टोकाखाली सापडली की तिथे अर्धचंद्राकृती चीर पडते.

कड चढली की व्हॉल्व्ह आत ढकलून सोडा, म्हणजे त्याच्या बुडाजवळची ट्यूब कडेखाली अडकली असेल तर सुटते. आता दोन्ही बाजूंनी टायर अंगठ्याने दाबत पूर्ण फेरी मारा. कुठेही ट्यूबचा रंग डोकावता कामा नये. थोडी हवा भरा, पूर्ण सोडा, परत भरा. या एका उघडझापीने आतली बरीचशी सुरकुती निघते. टीपीयूचा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह पंपाचं तोंड तिरकं ओढल्याने तुटू शकतो, पंप सरळ लावा आणि सरळच काढा.

हवा किती

पंचाहत्तर किलोच्या स्वाराने ट्यूब असलेल्या २९ × २.२५ ला पुढे २४ आणि मागे २७ पीएसआयपासून सुरुवात करावी. ४० च्या टायरला पुढे ३६, मागे ४०. मग दोन-दोन पीएसआयने खाली-वर करून पाहा. चिमट्याचं पंक्चर झालं की तीन पीएसआय वाढवा. रुंद टायरमध्ये पाच पीएसआयचा फरक फार मोठा असतो, म्हणून कमी दाब नीट दाखवणारा गेज हवा. दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या भरवशावर हे जमत नाही.

वाटेत पंक्चर झालं तर

पंक्चरवाल्याचं घमेलं, कानस आणि सोल्युशन ही ब्युटाइलची सोय आहे आणि ती महाराष्ट्रात दर पाच-दहा किलोमीटरवर मिळते. पातळ ब्युटाइल असेल तर त्याला आधीच सांगा, कानस हलक्या हाताने फिरवा, लोखंडी कानसाऐवजी बारीक काचपेपर असेल तर उत्तम. सोल्युशन वाळून चिकट होईपर्यंत थांबायला लावा.

टीपीयू त्याच्या हातात देऊ नका. त्यावर कानस चालत नाही, नेहमीचं सोल्युशन धरत नाही आणि गरम पॅच लावला तर ट्यूब वितळते. तिचे वेगळे पॅच असतात. जागा अल्कोहोलच्या पट्टीने पुसून, पूर्ण कोरडी करून, पॅच दाबून धरायचा आणि कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं. पावसात, रस्त्याच्या कडेला हे जमत नाही. म्हणून बाहेर ट्यूब बदलायची आणि ठिगळ घरी लावायचं, हाच टीपीयूचा शिस्तशीर वापर. ६०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) ४० तासांत संपवायची असते, तिथे रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात पॅच वाळवत बसणं परवडत नाही.

जोडीला नेण्याच्या ट्यूबसाठी मात्र टीपीयूला तोड नाही. रुंद टायरची काळी ट्यूब सीटखालची अर्धी पिशवी खाते, टीपीयू कोपऱ्यात मावते. लांबच्या राइडला दोन ठेवता येतात. ती कापडात किंवा जुन्या मोज्यात गुंडाळा, शेजारी मल्टिटूल आणि लिव्हर असतात, खड्ड्यांत त्यांची टोकं तिला घासतात. घेतल्यावर ती ट्यूब एकदा घरीच चाकात घालून रात्रभर ठेवा. सदोष निघाली तर घरी कळलेलं बरं. काढून परत घडी घालताना सगळी हवा तोंडाने ओढून किंवा गुंडाळत काढा आणि व्हॉल्व्हची टोपी लावा, म्हणजे त्याचं टोक ट्यूबला टोचणार नाही. तुमचा पंप त्या व्हॉल्व्हवर बसतो ना, हेही त्याच वेळी पाहून ठेवा. काही टीपीयू व्हॉल्व्हना बाहेरून आटे नसतात आणि आट्यांवर फिरवून बसवायची पंपाची नळी त्यांना धरत नाही.